साधकबाधक चर्चेअंती

जिल्हा परिषदेच्या सभेत सदस्य भांडायचे आणि मी ते भांडण सभ्य मराठीत लिहून काढायचो. हीच माझी नोकरी. कुणी टेबलावर मूठ आपटली की मी लिहायचो, 'तीव्र नापसंती व्यक्त केली.' दोघं एकमेकांच्या अंगावर धावले की 'सभागृहात काही काळ चर्चा झाली.' आणि शेवटी, काहीही झालेलं असो, 'साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते ठरले.' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं ते सांगता येणार नाही. त्यातली निम्मी तरी खोटी असतील. त्यातल्या एका खोट्याची ही हकीकत आहे.

मी मूळचा कंधारचा. आमच्या घराण्याला काझी म्हणतात, पण वडिलांपर्यंत येता येता काझीपण आडनावापुरतंच उरलं होतं. वडील निजामाच्या राजवटीत तहसिलीत अर्जांच्या नकला करायचे, उर्दूत. अक्षर असं, की तहसीलदार नक्कल ठेवून घ्यायचा आणि अस्सल कागद परत करायचा. राजवट गेली, कागदांची भाषा बदलली, आणि वडिलांनी माझ्या शेजारी बसून माझ्याच पाटीवर मराठी मुळाक्षरं गिरवली. त्यामुळं मला दोन्ही लिप्या आल्या. पुढं सभेत भरभर टिपून घ्यायची वेळ आली, तेव्हा माझा हात आपोआप उर्दूकडं वळायचा. उजवीकडून डावीकडं, अर्धी अक्षरं गाळत. सभेची टिपणवही मी उर्दूत ठेवायचो आणि मागाहून निवांत बसून मराठी इतिवृत्त तयार करायचो. ती वही कचेरीत दुसऱ्या कुणालाच वाचता येत नव्हती. पुढं एका दिवशी याच गोष्टीनं माझी परीक्षा घेतली.

नोकरी नांदेडला लागली. बहात्तरच्या दुष्काळात मी नवा कारकून होतो. मग काही वर्षांनी उस्मानाबादमधून लातूर वेगळं निघालं. सासुरवाडी उदगीरची, बायकोचा लकडा होता, नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती. मी बदली मागून घेतली.

नवा जिल्हा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. नकाशावर एक रेघ ओढली जाते, तेवढं लोकांना दिसतं. आत कचेरीत कपाटं वाटली जातात. कुठली फाईल कुणाची यावर दोन-दोन दिवस वाद. निवडून आलेली माणसंही वाटली गेली. रेघेच्या अलीकडच्या गटांतले सदस्य अलीकडचे झाले आणि एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आता अध्यक्षपद इथंच आहे, सभापतीपदं इथंच आहेत, आणि आपल्याला वर बघायला कुणी उरलेलं नाही.

तेव्हा सभागृहात तीन प्रकारची माणसं बसायची. गटागटांतून निवडून आलेले सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती, आणि निवडून आलेल्या बाया नसल्या तर सदस्यांनीच घेतलेल्या एक-दोन बाया. सत्तेतला पक्ष एकच, पण त्यात दोन तट. एक आडतवाल्यांचा, पेठेतला. दुसरा बागायतदारांचा. आम्ही कचेरीत त्यांना 'पेठ' आणि 'मळा' म्हणायचो. समोर विरोधी बाकावर भुजंगराव आणि त्यांचे सोबती. भुजंगरावांचा आवाज असा, की माइक बंद पडला तरी सभा चालू राहायची. 'हे इतिवृत्तात घ्या!' हे त्यांचं पालुपद.

पेठेचा जोर मन्मथअप्पांवर. मन्मथअप्पा कृषी समितीचे सभापती, शिरूर अनंतपाळच्या बाजूचे, कपाळाला विभूती, बोलणं मऊ. कुणावर ओरडलेले मी कधी ऐकले नाहीत. बायांच्या जागेवर त्यांनी आपल्या थोरल्या वहिनीला घेतलं होतं. त्या शिवकांताबाई. विधवा, पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. दोन वर्षं अक्का सभेला आल्या, सही केली, दीर हात वर करतील तेव्हा हात वर केला. त्यांचा आवाज मी ऐकलेला नव्हता.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. जिल्ह्याला बोअर पाडायचं एक मशीन मिळालं होतं. एकच. ते पहिल्यांदा कुठल्या गावाला जाईल, मग कुठल्या, याची यादी सभेनं मंजूर करायची होती. त्या उन्हाळ्यात मशीनपुढं अध्यक्षांचाही भाव कमी झाला होता. पेठ म्हणायची इकडून सुरू करा, मळा म्हणायचा तिकडून. शेवटी दोन्ही तटांनी आपापसात वाटणी करून एक यादी आणली आणि भुजंगराव खुर्चीवर उभे राहिले. म्हणजे खरोखरच उभे राहिले. मग तीच खुर्ची उचलून आपटली.

त्या गोंधळात शिवकांताबाई उठल्या. पहिल्यांदा कुणाचं लक्षच गेलं नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "थांबा, थांबा, अक्का काहीतरी म्हणालल्यात."

सगळे हसत गप्प झाले.

अक्का म्हणाल्या, "खडीवस्तीला पाणी न्हाई. यादीत तिचं नावच न्हाई. आमच्या गावाचं नाव पैलं हाय. आमच्या हिरीला अजून पाणी हाय. आमचं नाव काढा आन् मशीन खडीवस्तीला धाडा."

एवढंच बोलून त्या बसल्या. कुणीतरी विचारलं, "ही खडीवस्ती कुणाच्या गटात येते?" कुणालाच माहीत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "बरं, बरं, पुढचा विषय." यादी होती तशी मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी मन्मथअप्पा माझ्या टेबलाशी आले. चहा मागवला. इकडचं तिकडचं बोलले. उठता उठता म्हणाले, "काझीसाब, वहिनी काल भावनेच्या भरात बोलून गेल्या. आता घरच्या बाईमाणसाचं बोलणं कागदावर कशाला आणायचं?"

त्यांनी हुकूम केला नाही, धमकी दिली नाही. मी 'हो' सुद्धा म्हणालो नाही, नुसती मान हलवली. आणि इतिवृत्त लिहिलं. त्यात भुजंगरावांचा निषेध घेतला, यादी घेतली, 'साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते' घेतलं. अक्कांचं वाक्य घेतलं नाही. खरं सांगतो, त्या दिवशी मला काही वावगं केल्यासारखं वाटलंही नाही. हात सवयीनं चालला.

इतिवृत्ताच्या प्रती सदस्यांना टपालानं जातात. सहसा कुणी पाकीट फोडत नाही. आठवड्याभरानं शिवकांताबाई कचेरीत आल्या, एकट्या, एस.टी.नं. हातात ते पाकीट, फोडलेलं. माझ्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. कागद टेबलावर पसरला.

"काझीसाब, म्या बोलले ते कुठं हाय ह्याच्यात?"

मी म्हणालो, "अक्का, त्याचं असं आहे, सगळंच लिहायचं नसतं. ठराव महत्त्वाचा. मध्ये कोण काय बोललं..."

त्यांनी बोट ठेवलं. वाचणं सावकाश होतं. घरात त्या कानडी पोथ्या वाचायच्या, मराठी अक्षर लावून लावून. "हे काय लिवलंय? 'सन्माननीय सदस्य भुजंगराव यांनी तीव्र निषेध नोंदविला.' म्हंजे खुर्ची आपटली तेच ना?"

"हो."

"खुर्ची आपटली ती लिवलाव. बाई बोलली ती न्हाई लिवलाव."

मी तो कागद घडी घालून बाजूला ठेवला.

मी विचारलं, "अक्का, ही खडीवस्ती तुमची कोण?"

त्या म्हणाल्या, "कुणीच न्हाई. बहात्तरला रस्त्याची खडी फोडाय मुखेडकडून आलेली माणसं हायत. काम संपलं, पण तळ्याच्या काठाला ऱ्हायली. आता तळं आटलं. बाया आमच्या हिरीवर यायच्या. गेल्या महिन्यात भावजींनी हिरीला काटेरी कुंपण घातलं. म्हणले, आपल्यालाच पुरंना." मग म्हणाल्या, "सरूबाई म्हणून हाय एक. माझ्याकडं खुरपायला येते. ती कुंपणाबाहेर घागर घेऊन उभी ऱ्हायली आन् म्या पायरीवर. दोघी एकमेकीकडं बघत. घरात मला बोलता येईना, म्हणून सभेत बोलले."

त्या रविवारी मी खडीवस्तीला गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. एस.टी.नं फाट्यापर्यंत, पुढं पायी. वीस-पंचवीस घरं, दगडी भिंती, वर पत्रे. तळ्याच्या पोटात पुरुषभर खोल खड्डा होता आणि त्यात एक बाई उतरून वाटीनं पाणी घागरीत भरत होती. एक वाटी भरली की थांबायची. झिरपलं की दुसरी वाटी. तीच सरूबाई. मी कोण ते सांगितल्यावर तिनं वाटी खाली ठेवली नाही, पण बोलली.

"इकडं इचारलं तर म्हणत्यात तुमची नावं मुखेडला हायत, तिकडं जा. मुखेडला गेलं तर म्हणत्यात तुमी ऱ्हाताव तिकडं, तिकडं मागा. साहेब, मत तिकडं हाय आन् तहान इकडं हाय. आता मत प्यावं का काय?"

तेव्हा मला यादीतलं गौडबंगाल कळलं. खडीवस्तीला स्वतंत्र गाव म्हणून नोंदच नव्हती. कागदोपत्री ती तीन मैलांवरच्या दुसऱ्याच एका गावाचा भाग, आणि त्या गावात पाणी होतं. मतं शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, म्हणून इकडच्या कुठल्याच गटाला तिची गरज नव्हती. दोन जिल्हे, दोन जिल्हा परिषदा, आणि मध्ये ती बाई वाटीनं पाणी भरत होती. त्या वस्तीचं नाव जिल्ह्याच्या कागदावर यायची एकच संधी आली होती, आणि ती मी गाळून टाकली होती.

सोमवारी मी अक्कांना निरोप पाठवून बोलावून घेतलं आणि नियम सांगितला. दर सभेत पहिला विषय असतो, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. लोक 'मंजूर, मंजूर' म्हणतात आणि पुढं सरकतात. पण त्या क्षणी कुठलाही सदस्य उठून म्हणू शकतो, की हे चुकलंय, दुरुस्त करा. लेखी दिलं तर अध्यक्षांना दखल घ्यावीच लागते. एकदा कायम झालं की मग देवही बदलू शकत नाही.

"मग लिवा अर्ज," त्या म्हणाल्या.

मी कचरलो. माझं अक्षर त्या इमारतीत चपराशीसुद्धा ओळखायचा. घरी दोन मुली शिकत होत्या, आणि मन्मथअप्पांच्या एका शब्दावर माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली असती. मी म्हणालो, "मी सांगतो, तुम्ही लिहा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. कागद पुढं ओढला आणि एकेक अक्षर, बोराएवढं, लिहीत गेल्या. आठ ओळींना तासभर लागला.

सभेचा दिवस आला. अध्यक्षांनी नेहमीच्या सुरात विचारलं, "मागचं इतिवृत्त कायम करायचं ना?"

"मंजूर, मंजूर!"

"न्हाई," शिवकांताबाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या आणि अर्ज वाचला. वाचून होताच मन्मथअप्पा शांतपणे उठले. "अध्यक्षमहाराज, वहिनींचा गैरसमज झालाय. त्या दिवशी लई गोंधळ होता. असं काही बोलणं झाल्याचं मला तरी आठवत नाही."

अध्यक्षांनी सचिवांकडं पाहिलं. सचिव म्हणजे आमचे साहेब. साहेबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "काझी, तुमच्या टिपणवहीत काय आहे?"

सगळं सभागृह माझ्याकडं बघत होतं. वही उर्दूत. माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हती. 'त्यात काही नाही' म्हणालो असतो तर तिथल्या तिथं मिटलं असतं. मन्मथअप्पांच्या चेहऱ्यावर चहाच्या दिवशीचंच मऊ हसू होतं.

मला वडील आठवले. नकला करणारा माणूस. ते म्हणायचे, नक्कल करताना आपलं डोकं खुंटीला टांगून ठेवायचं, समोर जे आहे तेच उतरवायचं.

मी वही उघडली आणि अक्कांचं बोलणं जसंच्या तसं वाचलं. 'आमच्या हिरीला अजून पाणी हाय. आमचं नाव काढा.' मग म्हणालो, "टिपणात आहे साहेब. इतिवृत्तात घेतलं नाही ते मी. चूक माझी आहे."

"हे इतिवृत्तात घ्या!" भुजंगराव गरजले आणि अख्खं सभागृह हसलं. मीही.

मन्मथअप्पांनी दुरुस्तीला विरोध नोंदवला, म्हणून हात वर करून मतं घ्यावी लागली. भुजंगरावांची माणसं बाजूनं. अक्कांवर माया म्हणून नाही, पेठेची फजिती होते म्हणून. पेठ विरोधात. मळा फुटला. एक सदस्य हात खांद्यापर्यंतच वर करून बसले होते. तो हात वर की खाली, हे ठरवायला तीनदा मोजणी झाली. शेवटी त्यांनी तो सरळ वर केला आणि दोन्ही बाजू बरोबरीत आल्या.

अशा वेळी अध्यक्षांचं मत निर्णायक. अध्यक्ष मळ्याचे, पण पेठेच्या पाठिंब्यावर बसलेले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "माझं सगळं आयुष्य ह्या सभांत गेलं. माझं गाव घ्या, माझं गाव घ्या, एवढंच ऐकलं. माझं गाव काढा म्हणणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं. काझी, लिहा. सगळं लिहा."

एक वाक्य कागदावर आल्यानं काय होतं? नोंद झाली की प्रशासनाला उत्तर द्यावं लागतं. उत्तर द्यायला कुणीतरी जाऊन बघावं लागतं. पंधरा दिवसांत अभियंता खडीवस्तीला गेला. त्याच्या अहवालात वस्तीचं नाव प्रथमच टाइप झालं. नांदेडकडं पत्र गेलं, की या लोकांची नावं इकडं वर्ग करावीत. तिथं माझा जुना दोस्त होता, त्यानं ते पत्र फायलीत झोपू दिलं नाही. अहवालावरून खडीवस्तीचं नाव यादीत घेतलं गेलं आणि मशीन गेलं. पहिली बोअर कोरडी गेली, नुसता पांढरा धुरळा. मशीनवाले सामान आवरायला लागले. सरूबाई म्हणे मशीनच्या पुढ्यात जाऊन बसली, दुसरी पाडल्याशिवाय हलणार नाही म्हणून. दुसरीला पाणी लागलं. धो धो नाही, पण हातपंप चालेल एवढं, आणि गोडं. तिथं बायांनी पंपाला हळदकुंकू वाहिलं हे मला अभियंत्यानंच सांगितलं. मी गेलो नव्हतो. तोंड दाखवावंसं वाटलं नव्हतं.

मन्मथअप्पांनी माझी बदली केली नाही. ते माझ्याशी पुढंही तसंच मऊ बोलले. फक्त चहा कधी मागवला नाही. अक्कांशी मात्र घरात त्यांनी वर्षभर अबोला धरला. काटेरी कुंपण पावसाळ्यात निघालं. पुढच्या खेपेला सभेत अक्कांच्या जागेवर दुसरी बाई आली, हात वर करणारी.

बऱ्याच वर्षांनी उदगीरला एका लग्नात अक्का भेटल्या, काठी टेकत. तोवर बायांना राखीव जागा आल्या होत्या. मी म्हणालो, "अक्का, आता तर तुम्ही निवडून आला असता."

त्या हसल्या. "आता बोलणाऱ्या लई झाल्या, काझीसाब. माझी काय गरज?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या दिवशी अर्ज तुमी लिवला असता, तर हात एवढा दुखला नसता माझा."

थट्टेतच म्हणाल्या. पण मला ते लागलं आणि अजून लागतं. वही वाचायची हिंमत मला झाली, पण तीसुद्धा त्या बाईनं तासभर अक्षर गिरवल्यानंतर. आधी झाली नाही.

गेल्या वर्षी, निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी, मी खडीवस्तीला गेलो. आता फाट्यावर पाटी आहे, आत डांबरी रस्ता, वस्तीला स्वतःची ग्रामपंचायत. सरूबाई गेली होती, अक्काही. सरपंच एक तिशीतली बाई होती. मी ग्रामपंचायतीत गेलो तेव्हा ती पिशवीत कागद भरत होती आणि भलतीच रागात होती. नळाला पाणी एक दिवसाआड येत होतं आणि तिला रोज हवं होतं.

"रोज का न्हाई? आमी काय माणसं न्हाई का?" ती मलाच म्हणाली.

पहिला पंप कसा आला, ते तिला माहीत नव्हतं. शिवकांताबाई हे नाव तिनं ऐकलेलं नव्हतं. सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण ती घाईत होती. बस धरायची होती तिला, जिल्हा परिषदेत जायचं होतं भांडायला.

"चला," मी म्हणालो, "मी त्याच बसनं परत चाललोय."

बसमध्ये ती माझ्या पुढच्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. मला राहवलं नाही. वाकून विचारलं, "बाई, लेखी दिलंय ना?"

तिनं मान वळवून माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी अगदीच अडाणी माणूस होतो.

"दोन प्रती हायत, चाचा," ती म्हणाली. "एक त्यांना द्यायची. दुसरीवर सही-शिक्का घेतल्याबगर म्या तिथून उठणार न्हाई."